परिरक्षित केबलचे भूसंपर्कन

विद्युत् उपकरणाच्या जोडणीपाशी केबलवरील तांब्याची जाळी किंवा ॲल्युमिनियमचे पातळ वेष्टन (शील्ड, म्हणजे बाहेरचा विद्युत् गोंगाट अडवणारे आवरण) उपकरणाच्या धातुपेटीशी व पर्यायाने अर्थिंगशी जोडण्याची पद्धत. बडोद्यातील मकरपुरा औद्योगिक वसाहतीत विद्युत् पॅनेल बांधणाऱ्यांचे हे रोजच्या हातचे काम आहे.

शील्ड एका टोकाला जोडावी की दोन्ही, हा जुना वाद आहे. एकाच टोकाच्या पक्षाचे म्हणणे असे, की दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडेही विभवांतर (व्होल्टेजचा फरक) असले तर शील्डमधून ५० हर्ट्‌झचा प्रवाह फिरतो आणि ४–२० मिलिअँपिअरसारख्या (संवेदकाचे माप प्रवाहाच्या रूपात नेणाऱ्या) मंद संकेतात गडबड होते. तेवढ्यापुरते ते बरोबरच आहे. पण केबलची लांबी तरंगलांबीच्या दहाव्या हिश्श्याजवळ गेली (१० मीटर केबलला सुमारे ३ मेगाहर्ट्‌झ), की मोकळे टोक अँटेनासारखे वागू लागते. मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह उच्च वारंवारतेचा गोंगाट करतात; त्यांच्या मोटरकेबलला म्हणूनच दोन्ही टोके जोडतात. आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तंत्र आयोग) ६१०००-५-२ (१९९७) या मार्गदर्शिकेचा कलही दोन्ही टोकांकडे आहे. फिरत्या प्रवाहाला शेजारून जाड समांतर भूवाहक द्यावा, हा त्यावरचा उपाय अधिक ग्राह्य वाटतो.

या वादात टोक कसे जोडले, हा प्रश्न मागे पडतो आणि बहुतेक दोष तिथेच असतो. जाळी पिळून तिची शेपटी करायची, हिरवी स्लीव्ह चढवायची, लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) दाबून बोल्टला लावायचा, ही सवय सर्वत्र दिसते. अशा वाहकाचे प्रेरकत्व (बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा गुण) दर सेंटिमीटरला साधारण १० नॅनोहेन्री असते. म्हणजे ५ सेंटिमीटरची शेपटी ३० मेगाहर्ट्‌झला ९ ओहमच्या आसपास अडथळा करते. साधा मीटर स्थिर प्रवाहावर मोजतो, त्याला काही मिलिओहमच दिसतात, म्हणून दोष सापडत नाही. त्याऐवजी ईएमसी ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथे ती कसून धरणारा, शील्डला पेटीशी जोडणारा धातूचा भाग) वापरला, तर त्याच्या आतली स्प्रिंग जाळीला चहूबाजूंनी कवटाळते. मात्र ग्लँडच्या भोकाभोवतीचा रंग खरवडून पत्रा उघडा केलेला हवा, नाहीतर महागडा ग्लँड वाया जातो.

ध्वनियंत्रांतील याच जातीच्या दोषाला ‘पिन १’ समस्या म्हणतात. शील्डची पिन पेटीऐवजी आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडल्याने तो उद्‌भवतो. ध्वनिअभियंते नील मन्सी यांनी १९९५ मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली.

केबलचे पोलादी चिलखत (आर्मर) यांत्रिक संरक्षणासाठी असते. ते सहसा दोन्ही टोकांना अर्थ करतात, पण त्याला शील्ड समजू नये.