महाराजा सयाजीराव विद्यापीठ, बडोदे

महाराजा सयाजीराव विद्यापीठ हे गुजरातमधील बडोदे (वडोदरा) येथील राज्य विद्यापीठ असून त्याची स्थापना १९४९ मध्ये झाली. हंसा मेहता या त्याच्या पहिल्या कुलगुरू होत. गावाबाहेर मोकळी जमीन घेऊन ते उभारलेले नाही. सयाजीराव गायकवाड तिसरे (१८६३–१९३९) यांच्या कारकिर्दीत शहरात ठिकठिकाणी निघालेल्या संस्था त्यात सामावल्या गेल्या, आणि त्यामुळे विद्यापीठ पाहायला निघालेल्याचे निम्मे जुने बडोदे आपोआप पाहून होते.

रेल्वेस्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर बडोदा कॉलेजची (१८८१), म्हणजे आजच्या कला विद्याशाखेची इमारत आहे. रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला. तिच्या भव्य घुमटावर विजापूरच्या गोल घुमटाची छाप स्पष्ट दिसते. अरविंद घोष याच महाविद्यालयात अध्यापक होते. कलाभवन १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने निघाले. रंगकामापासून यंत्रकामापर्यंतचे धंदेशिक्षण तेथे मिळे, आणि दादासाहेब फाळके यांनीही काही काळ तेथे शिक्षण घेतले. मौलाबक्ष यांची संगीतशाळा (१८८६) सूरसागर तलावाकाठी प्रयोगकला विद्याशाखेच्या रूपाने चालू आहे. प्राच्यविद्या मंदिराची ख्याती मात्र इमारतीवर अवलंबून नाही: वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती या संस्थेने हस्तलिखिते ताडून सात कांडांच्या सात खंडांत सिद्ध केली, आणि हे काम १९७५ मध्ये पुरे झाले. ललितकला विद्याशाखा (१९५०) त्या मानाने नवी असली तरी ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधरी आणि के. जी. सुब्रमण्यन यांच्यामुळे आधुनिक भारतीय चित्र-शिल्पकलेत बडोद्याचे नाव झाले.

परिसरातील सयाजीबाग (कमाटीबाग) १८७९ मध्ये खुली झाली. तिच्यातून विश्वामित्री नदी वाहते आणि नदीत मगरी आहेत. विश्वामित्री पुलाजवळच्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत. लक्ष्मीविलास राजवाडा (१८९०) प्रवासी चुकवत नाहीत. त्याच्या आवारातील फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे पाहावयास मिळतात. मराठी वाचकाने मात्र तांबेकर वाडा आवर्जून पाहावा. बडोद्याचे दिवाण तांबेकर यांच्या या लाकडी वाड्याच्या भिंतींवर महाभारतातील प्रसंग, कृष्णलीला आणि एकोणिसाव्या शतकातील मराठी दरबारी जीवन शेजारी-शेजारी रंगवलेले असून, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते त्याची देखभाल करते.