पोलंडमधला सॅक्सोफोनवादक मास्तर कसा झाला: पार्श्वभूमी

पोलंडमधल्या अनेक नामवंत जॅझ सॅक्सोफोनवादकांच्या परिचयात आज मैफली आणि ध्वनिमुद्रिकांच्या जोडीला एखाद्या संगीत अकादमीतलं अध्यापकपदही असतं. त्यांच्या आजोबांच्या पिढीला हे खरं वाटलं नसतं.

त्या पिढीला जॅझ शिकवणारी शाळाच नव्हती. स्टालिनच्या काळात जॅझ घराघरांत, दारं लावून वाजला. १९५५ पासून अमेरिकन नभोवाणीचा जॅझचा कार्यक्रम रात्री लघुलहरींवर ऐकू येऊ लागला. तो ऐकायचा, जमलं तर टेपवर घ्यायचा आणि सोलो, म्हणजे एकट्या वादकाने वाजवलेला भाग, पुन्हापुन्हा ऐकून सुरासुराने वाद्यावर बसवायचा, हाच अभ्यासक्रम. १९५६ च्या सोपोत इथल्या जॅझ महोत्सवात गाजलेल्या सहा जणांच्या संचाचा म्होरक्या कान-नाक-घशाचा डॉक्टर होता. त्याच संचातला कालिश गावचा तरुण सॅक्सोफोनवादक १९५८ मध्ये थेट अमेरिकेत, न्यूपोर्ट जॅझ महोत्सवाच्या आंतरराष्ट्रीय युवा वाद्यवृंदात जाऊन बसला.

खरा वाद १९६८ चा. कातोवित्सेच्या सरकारी उच्च संगीत विद्यालयात देशातला पहिला जॅझ शिकवणारा विभाग निघाला, पण दारावर पाटी लागली ‘मनोरंजन संगीत’ अशी. याच वर्षी मार्चमध्ये विद्यार्थ्यांचं आंदोलन चिरडलं गेलं होतं, हे ध्यानात घेतलं की अशा बिनधोक नावाची सोय कळते. पण त्या पाटीने जॅझला हलक्याफुलक्या गाण्यांच्या पंगतीत बसवलं, ही तक्रारही खोटी नाही. दुसरी हरकत अधिक मुळावरची होती: जॅझमधल्या उत्स्फूर्त वादनाला गुण कसे द्यायचे? ऐकून शिकलेल्यांना परीक्षा म्हणजे साचा वाटे. मला विचाराल तर पाटीचा सौदा फायद्याचाच ठरला. जॅझवाल्याच्या हाती पदवी आली आणि पदवीमागून पगारी नोकरी. पुढे पाटीही बदलली, जॅझ हा शब्द नावात आला.

साचेबंदपणाची भीती मात्र अगदीच निराधार नव्हती. पोलिश लोकसंगीताच्या वळणाने पाच आणि सात मात्रांत रचना बांधणारा, सर्वांत स्वतंत्र चालीचा ऑल्टो सॅक्सोफोनवादक शाळेत चेलो शिकलेला होता; जॅझचा वर्ग त्याच्या वाट्याला आलाच नाही.

१९८९ मध्ये साम्यवादी राजवट गेली, त्यानंतर सरकारी मैफली आटल्या आणि नोकरीचं मोल वाढलं. आता अकादमीत वर चढायचं तर डॉक्टरेट लागते. त्यासाठी स्वतःची ध्वनिमुद्रिका किंवा मैफल सादर करायची आणि सोबत तिचं लेखी विवरण जोडायचं.