टीडीएसचा पेन हार्डनेस मोजत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये पाण्याचा विषय निघाला की कुणीतरी टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणारा पेन आणतो, टँकरच्या पाण्यात बुडवतो आणि जाहीर करतो, “हार्डनेस सातशे आहे.” मग हार्डनेस कमी करणारा सॉफ्टनर घ्यायचा का, आरओ बसवायचा का, टँकरवाला बदलायचा का, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. पण सातशे हा टीडीएस आहे. त्यात हार्डनेस किती, हे कळण्याची सोयच त्या पेनमध्ये नाही. लोकांचे हजारो रुपये या घोळापायी चुकीच्या यंत्रावर जातात, म्हणून हे एकदा नीट मांडायला हवं.

हार्ड पाणी कसं असतं हे बोअरवर राहणाऱ्यांना सांगायला नको. साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसतो, केस राठ होतात, गिझरची कॉइल लवकर जाते, आणि कितीही शिट्ट्या केल्या तरी तूरडाळ बोटचेपी शिजत नाही. या सगळ्याच्या मुळाशी मुख्यतः दोन धातू आहेत, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पाण्यात विरघळलेलं या दोघांचं प्रमाण म्हणजे हार्डनेस.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम आलेच, शिवाय सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट, नायट्रेट. दोन्ही आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्येच सांगतात, त्यामुळे गोंधळात भर पडते. आयएस १०५०० या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे आणि हार्डनेसची २००. दुसरा स्रोतच नसेल तर त्या अनुक्रमे २००० आणि ६०० पर्यंत ताणल्या आहेत. “पाचशेपर्यंत हार्डनेस चालतो” हे वाक्य या दोन ओळी एकमेकींत मिसळल्यामुळे जन्माला आलं.

आता पेनकडे वळू. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच मोजतो आणि त्याला एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतो. वीज कॅल्शियमने वाहिली की सोडियमने, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. घरी करून पाहा. आरओच्या एक लिटर पाण्यात एक ग्रॅम मीठ विरघळवा. पेन हजाराच्या आसपास जाईल, पण त्या पाण्यात हार्डनेस जवळपास काहीच नसेल आणि साबणाला छान फेस येईल.

खरी फसगत होते ती सॉफ्टनरपाशी. सोसायटी वर्गणी काढून सॉफ्टनर बसवते. दुसऱ्या दिवशी सभासद पेन घेऊन खाली उतरतात. आधी ७००, नंतरही ७०० च्या आसपास. लगेच बोंब होते की यंत्र खराब आहे, आपल्याला फसवलं. वास्तविक यंत्र त्याचं काम करत असतं. सॉफ्टनरच्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. एका कॅल्शियमच्या जागी दोन सोडियम येतात, कारण विद्युतभार जुळावा लागतो. वजनात मांडायचं तर १०० मिलिग्रॅम हार्डनेस जातो तेव्हा लिटरमागे सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. पाण्यातून क्षार वजा होत नाहीत, त्यांची अदलाबदल होते. वीज वाहून नेणारे जवळपास तेवढेच राहतात, म्हणून पेनचा आकडा जागच्या जागी राहतो. समजा हार्डनेस ४०० वरून ४० वर आला, तरी पेनला त्याचा पत्ता लागणार नाही.

उलट बाजूनेही तेच होतं आणि ते जास्त महागात पडतं. रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरून गेलं की त्यातून मिठाचं पाणी फिरवून ते धुवावं लागतं. सोसायटीत हे काम बहुधा कुणाच्याच नावावर नसतं. ते चुकलं की सॉफ्टनरमधून हार्ड पाणी जसंच्या तसं बाहेर पडू लागतं. पेन तेव्हाही ७०० च दाखवतो, आणि नुसते पेनचे आकडे वहीत उतरवणाऱ्याला सगळं सुरळीत वाटत राहतं.

मग हार्डनेस मोजायचा कशाने? थेंबांच्या किटने. किटमधला रंग टाकला की हार्ड पाणी लालसर होतं, मग थेंब टाकत ते निळं होईपर्यंत मोजायचे. सॉफ्टनर असलेल्या प्रत्येक सोसायटीत हे किट असलंच पाहिजे, पेन नसला तरी चालेल. किट नसेल तर बाटलीत पाणी आणि किसलेला अंगाचा साबण घालून जोरात हलवा. फेस टिकला तर पाणी मऊ, दुधी गढूळपणा आला आणि फेस बसला तर हार्ड. मात्र कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड या चाचणीला चालत नाही, हार्ड पाण्यातही फेस यावा म्हणूनच ती बनवलेली असतात. नळावरच्या डागावरूनही ओळखता येतं. नुसत्या पाण्याने पुसून गेला तर तो बहुतेक सोडियमचा क्षार. लिंबू चोळल्यावरच निघाला तर कॅल्शियमचा.

हा घोळ टिकून राहण्याला कारणही आहे. पुण्याच्या पोटात बेसॉल्ट हा काळा खडक आहे आणि त्यातून झिरपणाऱ्या बोअरच्या पाण्यात मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट उतरतात. म्हणजे इथे टीडीएस वाढला की सहसा हार्डनेसही वाढलेला असतो. खडकवासला धरणसाखळीचं पाणी सह्याद्रीतल्या पावसाचं, त्यात दोन्ही कमी. त्यामुळे अंदाज पुष्कळदा बरोबर येतो आणि तोच मोजमाप समजला जातो. हाच अंदाज घेऊन अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात गेलात तर चुकाल. तिथल्या पाण्यात सोडियमचा वाटा मोठा आहे.

आरओबद्दल थोडक्यात. तो टीडीएस आणि हार्डनेस दोन्ही कमी करतो, पण पिण्यापुरताच, आणि भरपूर पाणी वाया घालवून. गिझर आणि केस वाचवायला त्याचा उपयोग नाही. ज्यांच्या नळाला सरळ महापालिकेचं पाणी येतं त्यांनी आरओ लावू नये, असं माझं ठाम मत आहे. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्याला आरओवर बंदी घालावी असं सांगितलं होतं. गिझरचं म्हणाल तर तापमान ५५ ते ६० अंशांच्या वर नेऊ नका. थर तापल्यावर बसतो. बसलेला थर सायट्रिक ॲसिडने, म्हणजे किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाने, निघतो.

आणि हार्ड म्हणजे घातक नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने हार्डनेसला आरोग्याच्या कारणासाठी मर्यादा ठरवलेली नाही. घातक असतं ते पेनला न दिसणारं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशय दूषित पाण्यावर गेला, आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला. अशा पाण्याचा टीडीएस उत्तम येऊ शकतो. जंतूंसाठी विचारायचं ते क्लोरीन. नळाच्या टोकाला मोकळं क्लोरीन लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी चाचणीने तेच पाहतो. शंका असेल तेव्हा पाणी उकळा. तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, हार्डनेस उतरत नाही.

दारावर येणाऱ्या विक्रेत्यांचा एक प्रयोग मात्र बंदच व्हायला हवा. दोन ग्लासांत विजेच्या पट्ट्या बुडवतात. नळाचं पाणी तपकिरी, काळपट होतं, आरओचं स्वच्छ राहतं, आणि घरातली माणसं घाबरतात. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो. वीज वाहिल्यामुळे पट्टीचं लोखंडच विरघळून पाण्यात उतरतं. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, म्हणून वीज वाहत नाही आणि पट्टी झिजत नाही. पुढच्या वेळी विक्रेता आला की त्याच्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पट्ट्या पुन्हा बुडवायला सांगा. तोही ग्लास तपकिरी होईल.