आलेखांतील आकृत्या आणि व्यवहाराची वेळ : पार्श्वभूमी

कोणता शेअर घ्यावा याचा अंदाज ताळेबंदावरून बांधता येतो, पण तो नेमका कधी घ्यावा आणि कधी विकावा हे ताळेबंद सांगत नाही. शेअरच्या भावाचा आलेख वाचण्याची विद्या या दुसऱ्या प्रश्नातून वाढली.

तिचा एक उगम जपानमध्ये आहे. ओसाकातील दोजिमा येथील तांदळाच्या बाजाराला १७३० मध्ये शोगुन (जपानचे लष्करी शासक) राजवटीने अधिकृत मान्यता दिली. साकाता येथील व्यापारी होम्मा मुनेहिसा यांनी त्या काळात भावामागची लोकांची मनःस्थिती वाचण्यावर भर दिला. कँडलस्टिक आलेखाचे, म्हणजे सुरुवातीचा, बंद, उच्चांकी आणि नीचांकी भाव मेणबत्तीसारख्या आकृतीत दाखवणाऱ्या आलेखाचे, श्रेय परंपरेने त्यांनाच दिले जाते. अमेरिकेत चार्ल्स डाऊ यांनी १८९६ मध्ये १२ कंपन्यांचा औद्योगिक निर्देशांक सुरू केला, परंतु त्यांचे लक्ष एकूण बाजाराच्या कलाकडे होते. एकेका शेअरच्या आलेखातील आकृत्यांची पद्धतशीर मांडणी १९३० च्या दशकात रिचर्ड शाबाकर यांनी केली आणि १९४८ मध्ये रॉबर्ट एडवर्ड्स व जॉन मॅगी यांच्या ग्रंथाने ती रूढ झाली.

त्या काळी आलेख हाताने काढावा लागे. दिवसाचा उच्चांक आणि नीचांक जोडणारी उभी रेघ, बंद भावाची आडवी खूण आणि तळाशी उलाढालीचा स्तंभ, एवढे रोज पेन्सिलीने भरले जाई. ‘हेड अँड शोल्डर्स’ या आकृतीत तीन शिखरे असतात व मधले सर्वांत उंच असते. तिसऱ्या शिखराच्या वेळी उलाढाल घटलेली दिसली, तर चढ्या भावाला गिऱ्हाईक उरले नाही असा अर्थ निघतो. तरीही नेकलाइन (शिखरांमधील दोन तळ जोडणारी रेघ) तुटताक्षणी विकू नये, बंद भाव तिच्या सुमारे ३ टक्के खाली जाईपर्यंत थांबावे, असे एडवर्ड्स आणि मॅगी सांगत. माझ्या मते या विद्येचा खरा गाभा हा संयमच आहे.

मुंबईत १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचे आणि १९९५ मध्ये दलाल स्ट्रीटवरील बाजाराचे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर आले, आणि रिंगमधील, म्हणजे दलाल एकत्र जमून सौदे करत त्या जागेतील, पुकारे थांबले. पुढे तयार आलेख घरोघरी पोहोचले. दैनिक भावांसाठी घडलेल्या त्याच आकृत्या आता पाच मिनिटांच्या आलेखावरही शोधल्या जातात. अर्थतज्ज्ञ अँड्र्यू लो आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये अमेरिकी शेअर्सच्या १९६२ ते १९९६ या काळातील भावांवर संगणकाने आकृत्या तपासल्या, तेव्हा काहींतून उपयुक्त माहिती मिळते असे आढळले. त्या माहितीवर नफा होईलच असा दावा मात्र त्यांनी केला नाही, आणि त्यांची तपासणीही दैनिक भावांचीच होती.