आल्मा वेधशाळा पाच हजार मीटरवर का गेली

चिलीच्या अटाकामा वाळवंटात, चाहनांतोर नावाच्या पठारावर आल्मा या रेडिओ वेधशाळेच्या ६६ तबकड्या, म्हणजे आकाशातून येणाऱ्या लहरी टिपणारे अँटेना, उभ्या आहेत. पठाराची उंची सुमारे ५,००० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. माणसाला धाप लागते, इंजिनाची ताकद घटते आणि संगणकाच्या हार्ड डिस्कचाही भरवसा राहत नाही. एवढं असूनही जागा तीच निवडली गेली, आणि त्याचं कारण हवेतलं बाष्प.

१९७० मध्ये रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेंझियस यांनी अमेरिकेतल्या किट पीकवरच्या ११ मीटरच्या दुर्बिणीने मृग तेजोमेघात कार्बन मोनॉक्साइड शोधला. या रेणूची खूण २.६ मिलिमीटर लांबीच्या लहरीवर सापडते. तारे ज्या थंड, धुळीने भरलेल्या ढगांत जन्मतात त्यांचा माग मिलिमीटर लहरींनी काढता येतो, हे त्यातून पक्कं झालं. लहर एक मिलिमीटरपेक्षा आखूड झाली की आणखी बरंच काही दिसू लागतं, पण नेमक्या याच लहरी पाण्याची वाफ गिळून टाकते. वाफ वातावरणाच्या तळाशी साठलेली असते आणि दर दीड-दोन किलोमीटर वर गेलं की साधारण निम्मी होते. म्हणूनच १९८०च्या दशकात हवाईतल्या मौना केआवर, ४,००० मीटरच्या वर, अशा दुर्बिणी उभ्या राहिल्या.

वाफेचा दुसरा उपद्रव जास्त किचकट आहे. आल्माच्या तबकड्यांचे संकेत जुळवून त्या एकाच मोठ्या दुर्बिणीसारख्या वापरतात, म्हणून प्रत्येकीवर लहर नेमकी कधी पोचते हे महत्त्वाचं असतं. ती लहरीला नुसती शोषत नाही, उशीरही करायला लावते. डोक्यावरची सगळी वाफ पाणी होऊन खाली आली तर जितका थर होईल, तो मिलिमीटरमध्ये मोजतात. हा थर १ मिलिमीटरने वाढला की लहरीची वाट सुमारे ६.५ मिलिमीटरने लांबल्यासारखी होते. म्हणजे दोन तबकड्यांवरच्या थरात अवघ्या ०.०५ मिलिमीटरचा फरक असला, तरी १ मिलिमीटरच्या लहरीचा ताळमेळ एक तृतीयांश लहरीने चुकतो आणि चित्र पुसट होतं. चाहनांतोरवर हा थर बऱ्याचदा १ मिलिमीटरच्या आसपास असतो, चांगल्या रात्री अर्ध्या मिलिमीटरच्या खाली. तरीही आल्माच्या १२ मीटरच्या प्रत्येक तबकडीवर १८३ गिगाहर्ट्झचा बाष्पमापक बसवलेला आहे. तो साधारण दर सेकंदाला समोरच्या हवेतली वाफ मोजतो आणि त्यावरून दुरुस्ती केली जाते. दुपारी ऊन तापलं की हवा ढवळते, म्हणून सर्वांत आखूड लहरींचं काम रात्रीसाठी राखून ठेवतात. फेब्रुवारीत अँडीजपलीकडून ओलसर हवा येते, बर्फ पडतं. तेव्हा निरीक्षणं बंद ठेवून देखभालीची मोठी कामं उरकली जातात.

या पठाराकडे खगोलशास्त्रज्ञांचं लक्ष १९९४ मध्ये वेधलं गेलं. त्यात चिलीचे खगोलशास्त्रज्ञ एर्नान किंताना यांचा मोठा वाटा होता. त्या काळात तीन वेगवेगळे प्रकल्प कागदावर होते. अमेरिकेला ८ मीटरच्या ४० तबकड्या हव्या होत्या, जपानला १० मीटरच्या ५०, आणि युरोपला लहरी गोळा करणारं क्षेत्रफळ शक्य तितकं मोठं. एकट्याला कुणालाच खर्च झेपण्यासारखा नव्हता. १९९९ मध्ये अमेरिका आणि युरोप यांचा प्राथमिक करार झाला, २००३ मध्ये अंतिम करार होऊन बांधकाम सुरू झालं आणि २००४ मध्ये जपान सामील झाला. मुख्य संचातल्या नियोजित ६४ तबकड्या खर्च वाढल्याने २००५ मध्ये ५० वर आल्या. ही कपात टोचणारी होती, पण जपानने दिलेल्या १६ तबकड्यांच्या आटोपशीर संचाने (त्यात ७ मीटरच्या १२) आकाशातल्या पसरट वस्तू टिपण्याची उणीव बरीचशी भरून काढली. सप्टेंबर २०११ च्या अखेरीस पहिली वैज्ञानिक निरीक्षणं सुरू झाली आणि १३ मार्च २०१३ ला औपचारिक उद्घाटन झालं.

उंचीचा सगळ्यात मोठा परिणाम म्हणजे वेधशाळेचे दोन भाग झाले. राहणं, जेवण, नियंत्रण कक्ष आणि दुरुस्तीची कार्यशाळा २,९०० मीटरवर. पठारावर फक्त तबकड्या आणि त्यांची तांत्रिक इमारत. दोन्हींमध्ये २८ किलोमीटरचा खास बांधलेला रस्ता. पठारावर जाण्याआधी वैद्यकीय तपासणी सक्तीची असते, सोबत ऑक्सिजन बाळगावा लागतो आणि मुक्कामाला खालीच यावं लागतं. झोपेत श्वास मंदावतो, त्यामुळे पाच हजार मीटरवर झोपणं तिथे जागं राहण्यापेक्षा त्रासाचं असतं. खोलीतल्या हवेत ऑक्सिजन वाढवण्याची युक्ती याच पठारावर, १९९९ मध्ये उभारलेल्या दुसऱ्या एका दुर्बिणीच्या वेळी शरीरशास्त्रज्ञ जॉन वेस्ट यांच्या सल्ल्याने रुळली. हिशेब सोपा आहे: ऑक्सिजनचं प्रमाण एका टक्क्याने वाढवलं की शरीराला सुमारे ३०० मीटर खाली उतरल्यासारखं वाटतं. २१ चं २७ टक्के केलं तर ५,००० मीटरवरची खोली ३,२०० मीटरसारखी होते. बेरजा चुकणं, चुकीची तार जोडणं असले प्रकार त्याने कमी होतात.

माणसाच्या सोसण्यालाही मर्यादा असते. कर्मचारी साधारण आठ दिवस काम आणि सहा दिवस सुट्टी अशा पाळीत येतात. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ते संपावर गेले आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ काम थांबलं. उंचीवरच्या कामाचा मोबदला ही त्यांची एक मागणी होती. या वेधशाळेचा इतिहास लिहिताना तो संप वगळणं योग्य नाही.

यंत्रांनाही हीच हवा सोसावी लागते. हार्ड डिस्कमधलं माहिती वाचणारं टोक फिरत्या तबकीवर हवेच्या पातळ थरावर तरंगतं. हवा विरळ असली की ते तबकीवर घासतं, म्हणून वरचे संगणक डिस्कशिवाय चालतात. सगळ्या तबकड्यांचे संकेत जुळवणारा कोरिलेटर सेकंदाला १७,००० लाख कोटी गणितं करतो. विरळ हवा उष्णता नीट वाहून नेत नाही, त्यामुळे त्याच्यावर नेहमीच्या दुप्पट वारा खेळवावा लागतो.

तबकड्या हलवण्याचं काम ओट्टो आणि लोरे ही दोन वाहनं करतात. प्रत्येकी १३० टन वजन, २८ चाकं. सुमारे १०० टनांची तबकडी उचलून ती नव्या चौथऱ्यावर मिलिमीटरच्या हिशेबात नेमकी बसवतात. वाटेत तबकडीला वीजही पुरवतात, कारण आतले रिसीव्हर उणे २६९ अंशांवर ठेवलेले असतात आणि एकदा तापले की पुन्हा थंड करण्यात वेळ जातो. चालकाच्या आसनाची पाठही ऑक्सिजनच्या नळकांड्यासाठी जागा ठेवून घडवली आहे. ही वाहनं नसती तर आल्मा एकाच अंतरावर अडकली असती. आता तबकड्या दीडशे मीटरांत गोळा करता येतात किंवा १६ किलोमीटरवर पसरवता येतात; जितक्या पसरवाव्या तितका बारीक तपशील दिसतो.

तबकड्या पसरवण्याचं पहिलं मोठं फळ २०१४ मध्ये हाती आलं. एचएल टाउरी या सुमारे ४५० प्रकाशवर्षं दूरच्या, जेमतेम दहा लाख वर्षं वयाच्या ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या चकतीत स्वच्छ कडी आणि फटी दिसल्या. इतक्या कोवळ्या ताऱ्याची चकती एकसंध असेल असा अनेकांचा कयास होता. ग्रह घडण्याची सुरुवात किती लवकर होते, हा प्रश्न तिथून नव्याने मांडला गेला. एप्रिल २०१७ मध्ये हायड्रोजन मेसर या अत्यंत अचूक घड्याळाच्या आधारे आल्माच्या तबकड्यांचे संकेत एकत्र करून ती जगभरच्या दुर्बिणींच्या जाळ्यात एका प्रचंड तबकडीसारखी वापरली गेली. एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या सावलीचं १० एप्रिल २०१९ ला जाहीर झालेलं चित्र त्यातूनच आलं.

अडचणीही आल्या. २०२० मध्ये शुक्रावर फॉस्फीन (जीवसृष्टीची संभाव्य खूण मानला जाणारा वायू) असल्याचा दावा आल्माच्या नोंदींवरही आधारलेला होता. शुक्र इतका तेजस्वी आणि मोठा दिसतो की उपकरणातली बारीकशी लाटही खरी खूण भासू शकते. नोंदींच्या अंशांकनात (मोजमाप प्रमाणाशी जुळवण्यात) दोष सापडला आणि ते सुधारल्यावर संकेत बराच क्षीण झाला. २९ ऑक्टोबर २०२२ च्या सायबर हल्ल्याने तर निरीक्षणंच डिसेंबरच्या मध्यापर्यंत थांबली.

सध्या रिसीव्हर आणि संकेतवाहिन्या बदलून एका वेळी टिपता येणारा कंप्रतेचा पट्टा किमान दुप्पट करण्याचं काम चालू आहे. त्यासाठीचा नवा कोरिलेटर पठारावर बसणार नाही. संकेत नव्या ऑप्टिकल फायबरने खाली आणले जातील आणि गणित २,९०० मीटरवर होईल. तिथे यंत्र थंड ठेवणं सोपं आहे, आणि बिघाड झाला तर तंत्रज्ञाला ऑक्सिजन घेऊन वर जावं लागणार नाही.