मदतीची विंडो मिटवायची कोणी? ईमॅक्समधल्या ‘क्यू’ची पार्श्वभूमी

ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या एडिटरमध्ये एखाद्या फंक्शनची माहिती हवी असेल तर कंट्रोल-एच आणि मग एफ दाबायचं. स्क्रीनचे दोन भाग होतात आणि एका भागात माहिती येते. बहुतेकदा त्यातल्या दोनच ओळी कामाच्या असतात. त्या वाचल्या की ती विंडो जावी, एवढंच आपलं मागणं. पण ‘जावी’ म्हणजे नक्की काय व्हावं, हे ठरायला या एडिटरला पाव शतकाहून जास्त काळ लागला.

मूळ ईमॅक्स 1976 साली एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत जन्मला. टेको नावाच्या एडिटरवर रचलेला तो मॅक्रोंचा, म्हणजे अनेक कमांड एकत्र बांधून केलेल्या तयार आज्ञांचा, संच होता. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील ही त्यामागची ठळक नावं. तिथे मदतीसाठी वेगळी विंडो नव्हतीच. मदतीचा मजकूर तुमच्या मजकुराच्या वरच छापला जायचा आणि पुढची कळ दाबली की पुसला जायचा. बंद करायचं काही नसल्यामुळे बंद कसं करायचं हा प्रश्नही नव्हता. त्याची किंमत मात्र होती: मदत डोळ्यांसमोर ठेवून टाइप करता येत नसे. एखाद्या कमांडचे चार पर्याय वापरायचे असले तर ते लक्षात ठेवा, नाहीतर पुन्हा विचारा.

जीएनयू ईमॅक्स 1985 मध्ये लोकांपर्यंत पोचला आणि त्यात मदतीला स्वतःचा बफर, म्हणजे एडिटरने स्मृतीत उघडून ठेवलेला वेगळा मजकूर, मिळाला. तो दुसऱ्या विंडोत उघडायचा, कर्सर मात्र तुमच्याच मजकुरात राहायचा. आता मदत समोर ठेवून काम करता येऊ लागलं, कर्सर न हलवता ती पुढेमागे सरकवताही येई. पण वाचून झाल्यावरही ती तिथेच ठाण मांडून बसायची.

इथला एक तपशील मला फार बोलका वाटतो. मदत दाखवल्यावर ईमॅक्स तळाच्या ओळीत एक सूचना द्यायचा आणि ती प्रसंगानुसार बदलायची. स्क्रीनवर आधी एकच विंडो असेल, तर ‘कंट्रोल-एक्स 1 दाबा, मदतीची विंडो जाईल’. आधीपासूनच दोन विंडो असतील आणि मदतीने त्यातली एक बळकावली असेल, तर ‘कंट्रोल-एक्स 4 बी आणि रिटर्न दाबा, आधीचा बफर परत येईल’. नवी विंडो उघडायला मनाई केलेली असेल, तर आणखी तिसराच मंत्र. म्हणजे ही विंडो कुठून आली आणि ती जाताना काय पूर्ववत करावं लागेल, हे एडिटरला पक्कं ठाऊक होतं. ते ज्ञान स्वतःजवळ ठेवण्याऐवजी त्याने वापरणाऱ्याच्या हाती सोपवलं, तेही पुढची कळ दाबताच नाहीशा होणाऱ्या ओळीत. दोन मिनिटं वाचत बसलं की कोणता मंत्र सांगितला होता ते आठवायचं कोणी?

कंट्रोल-एक्स 1 हा तर बेफिकीर उपाय. चालू विंडो सोडून बाकीच्या सगळ्या तो मिटवतो, मदतीचीच असं नाही. तीन वेळा एस्केप दाबण्याची सवयही तशीच: अडलेलं काही नसेल तर तीही बाकीच्या विंडो झाडून टाकते. नवख्यांची नीट मांडलेली स्क्रीन अशी कितीदा उधळली असेल!

त्यात आणखी एक भर. कंट्रोल-एच हा आस्कीतला, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतपद्धतीतला, 8 क्रमांकाचा संकेत, म्हणजेच बॅकस्पेस. अनेक टर्मिनलांवर बॅकस्पेसची कळ नेमका हाच संकेत पाठवायची. अक्षर खोडायला जावं आणि मदत पुढे यावी! न मागितलेल्या मदतीची विंडो सहज मिटवता येणं ही त्या लोकांची रोजची गरज होती.

विंडोंची अख्खी मांडणी आधी जपून ठेवायची आणि मदत संपली की जशीच्या तशी परत आणायची, हा मोहात पाडणारा मार्ग. त्यासाठी लागणारी साधनं ईमॅक्समध्ये होती आणि आहेत. पण मदत उघडी असताना तुम्ही शेजारी दुसरी फाइल उघडली, एक विंडो रुंद केली, तिसऱ्या विंडोत खाली सरकलात, तर मांडणी परत आणताना हे सगळंही पुसलं जातं. पाहुणा निघताना घरातलं फर्निचर तो आला तेव्हा होतं तसं लावून गेला, तर कोणाला आवडेल? क्षणभर डोकावून जाणाऱ्या विंडोसाठी हा मार्ग ठीक, वाचत राहायच्या मदतीसाठी नाही.

मग सोयीची कळ म्हणून ‘क्यू’ रुळली. मदतीचा बफर फक्त वाचण्यापुरता असतो, त्यात टाइप करायचं नसतं, त्यामुळे साधं अक्षर कमांड म्हणून मोकळं होतं. मदतीच्या बफरला व्ह्यू मोडची, म्हणजे मजकूर फक्त वाचण्यासाठी असलेल्या पद्धतीची, जोड मिळाली तेव्हा परत कुठे जायचं याची यादी हा मोड स्वतः ठेवू लागला. पण ही स्मृती त्या मोडपुरतीच. याद्या दाखवणाऱ्या इतर अनेक बफरांमध्ये क्यू दाबलं की बफर मागे ढकलला जायचा आणि विंडो तशीच उरायची, कुठलातरी भलताच बफर दाखवत.

2009 च्या 23व्या आवृत्तीत मदतीच्या विंडोत कर्सर न्यायचा की नाही, हे ठरवण्याची सोय आली. खरा बदल 2012 च्या 24व्या आवृत्तीतला. मार्टिन रुडालिक्स यांनी विंडोंच्या कोडची मोठी फेररचना केली आणि त्यात प्रत्येक विंडोला ‘क्विट-रिस्टोर’ नावाची नोंद चिकटली. ही विंडो नवीन केली की आधीचीच वापरली, आधी तिच्यात कोणता बफर कुठपर्यंत सरकवलेला होता, उंची किती होती, कर्सर आधी कुठल्या विंडोत होता, हे सगळं त्या नोंदीत असतं. क्यू दाबलं की त्यानुसार विंडो मिटते किंवा आधीचा बफर आपल्या जागी परत येतो. बाकीच्या मांडणीला हात लागत नाही.

यातली सर्वांत शहाणी अट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. नोंदीत मदतीच्या बफरचंही नाव असतं. तुम्ही मधल्या काळात त्याच विंडोत स्वतःची फाइल उघडली असेल, तर ती विंडो तात्पुरती राहिलेली नाही, तुम्ही ती आपलीशी केलीत, असं एडिटर धरतो आणि ती मिटवत नाही. बफरही मरत नाही, यादीत मागे जातो. कायमचा घालवायचा तर आधी कंट्रोल-यू.

एक कुरकूर उरतेच. मूळ मांडणीत कर्सर मदतीच्या विंडोत जात नाही, त्यामुळे क्यू दाबण्याआधी तिथे जावं लागतं. घाईत आपल्याच फाइलमध्ये ‘क्यू’ अक्षर उमटतं. पर्याय बदलून कर्सर नेहमी मदतीत नेता येतो, आणि माझ्या मते मूळ मांडणीच तशी असायला हवी होती. मदत समोर ठेवून टाइप करणाऱ्यांना हे पटणार नाही, आणि त्यांचीही बाजू आहे.

विम या दुसऱ्या लोकप्रिय एडिटरने वेगळी वाट धरली. 1991 मध्ये ब्राम मोलेनार यांनी तो प्रसिद्ध केला. एकाहून जास्त विंडोंची सोय 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. तिथे मदत उघडली की कर्सर थेट तिच्यात जातो आणि ती इतर विंडोंसारखीच ‘कोलन क्यू’ने बंद होते. खास वागणूक एकाच बाबतीत: मदतीची विंडो मोजणीत धरली जात नाही. कामाची शेवटची विंडो बंद केलीत तर मदत उघडी असली तरी विम बंद होतो. नुसत्या क्यूला मात्र तिथे जागा नव्हती, कारण विममध्ये त्या कळीने मॅक्रोचं रेकॉर्डिंग सुरू होतं. ईमॅक्सहून आलेला माणूस मदत मिटवायला जातो आणि खाली ‘रेकॉर्डिंग’ ही अक्षरं बघत बसतो.

2019 मध्ये विमपासून निघालेल्या निओविमला तरंगत्या विंडो मिळाल्या, विमलाही पॉपअप मिळाले. आता निओविममध्ये एक कळ दाबली की फंक्शनची माहिती कर्सरजवळच्या चौकटीत येते आणि कर्सर हलला की आपोआप जाते. तीच कळ पुन्हा दाबली की चौकटीच्या आत शिरून निवांत वाचता येतं, आणि तिथून बाहेर पडायला कळ ठेवली आहे क्यू.