फाइल मॅनेजर की एफटीपी?

साइट तयार आहे, होस्टिंग घेतलंय, सीपॅनेलचा, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलचा, पासवर्डही हातात आहे. राहिलं फक्त फाइल्स चढवणं. सीपॅनेलच्या 'फाइल्स' विभागात 'फाइल मॅनेजर' आणि 'एफटीपी अकाउंट्स' जवळजवळच दिसतात. एफटीपी म्हणजे आपल्या संगणकावरून सर्व्हरवर, म्हणजे साइट ठेवलेल्या संगणकावर, फाइल्स पाठवायची पद्धत. नवख्यांना वाटतं, या दोन वेगवेगळ्या जागा असाव्यात. तसं नाही. कुठूनही चढवा, मुख्य डोमेनच्या फाइल्स शेवटी त्याच पब्लिक_एचटीएमएल फोल्डरात जायला हव्यात, साइट तिथूनच दिसते.

फाइल मॅनेजर ब्राउझरमध्येच उघडतो, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. अडचण एवढीच की त्यात आख्खा फोल्डर एकदम चढत नाही, आधी झिप करावी लागते. पण खरं तर हीच त्याची मोठी सोय आहे. वर्डप्रेसची साइट म्हणजे हजारो बारक्या फाइल्स. एफटीपी प्रत्येक फाइलसाठी डेटाचं नवं कनेक्शन उघडतं, त्यामुळे फाइल दोन केबीची असली तरी सर्व्हरशी बोलणी पूर्ण करावीच लागतात. झिप मात्र एकच फाइल म्हणून जाते आणि 'एक्स्ट्रॅक्ट' दाबलं की तिकडे सर्व्हरवरच उलगडते. पहिल्यांदा साइट चढवताना मी तरी दुसरा विचार करत नाही.

इथे एक गोची हमखास होते. झिप करताना साइटच्या फोल्डरवरच राइट क्लिक केलं, तर उलगडल्यावर पब्लिक_एचटीएमएलच्या पोटात आणखी एक फोल्डर तयार होतो आणि इंडेक्स फाइल (साइटचं पहिलं पान) त्याच्या आत जाऊन बसते. पत्ता टाकला की साइटऐवजी फाइल्सची यादी दिसते, नाहीतर ४०३ चा, म्हणजे 'परवानगी नाही' असा, एरर. म्हणून फोल्डरच्या आत जा, सगळं सिलेक्ट करा आणि मग झिप करा. चूक झालीच असेल, तर पुन्हा अपलोड करत बसू नका, 'मूव्ह' वापरून सगळं एक पायरी वर आणा. त्याआधी सेटिंग्जमध्ये लपलेल्या फाइल्स दाखवण्याचा पर्याय चालू करा, नाहीतर टिंबाने सुरू होणारी, सर्व्हरला सूचना देणारी एचटीअ‍ॅक्सेस फाइल आतच राहील.

एफटीपीसाठी फाइलझिलासारखा प्रोग्राम लागतो. डावीकडे तुमचा संगणक, उजवीकडे सर्व्हर. साइट चालू झाल्यावर रोज एखादी सीएसएस (रंगरूप ठरवणारी फाइल) बदलायची, चार फोटो टाकायचे, तर हेच सोयीचं. फोल्डर जसाच्या तसा ओढून टाकता येतो. काम संपल्यावर खालचा 'फेल्ड ट्रान्सफर्स' टॅब मात्र बघा. मध्येच नेट गेलं तर अडकलेल्या फाइल्स तिथे सापडतात.

एफटीपी तसं जुनं. त्याचा पहिला मसुदा १९७१ मध्ये अभय भूषण यांनी एमआयटीत असताना लिहिला, ते मूळचे आयआयटी कानपूरचे. तेव्हा पासवर्ड चोरणारे कोण होते! साध्या एफटीपीत पासवर्ड आजही उघडाच जातो, म्हणून फाइलझिलात टीएलएस, म्हणजे जाणारी माहिती कुलूपबंद करणारी सोय, सक्तीचं करणारा पर्याय निवडा. पोर्ट २२ वरचं एसएफटीपी ही नाव सारखं असलं तरी वेगळीच, सुरक्षित पद्धत आहे. सीपॅनेलमध्ये ते मुख्य खात्यावरच चालतं, आणि तेही होस्टिंगवाल्याने दिलं असेल तर.

माझ्या मते खरा फरक वेगाचा नाही, कोणाच्या हातात कोणती चावी द्यायची याचा आहे. फाइल मॅनेजर वापरायला द्यायचा म्हणजे सीपॅनेलचाच पासवर्ड द्यायचा, त्यात ईमेल, डेटाबेस, डोमेनच्या सेटिंग्ज सगळं आलं. डिझायनरला दोन पानं बदलायची असतील, तर त्याला एवढं कशाला? त्याच्यासाठी वेगळं एफटीपी खातं उघडा आणि त्याला लागेल तेवढाच फोल्डर नेमून द्या. सीपॅनेल डिरेक्टरीच्या रकान्यात खात्याच्या नावाचा नवाच फोल्डर सुचवतं, तो बदलायला विसरू नका. नाहीतर तो बिचारा रिकाम्या फोल्डरात फाइल्स टाकत राहील आणि साइटवर काहीच बदललेलं दिसणार नाही. काम झालं की खातं काढून टाका. फक्त काढताना, सोबत त्याचा फोल्डरही पुसायचा का, या पर्यायाला हात लावू नका. त्या खात्याला पब्लिक_एचटीएमएल नेमून दिला असेल, तर आख्खी साइट जायचा धोका आहे.